टिंब, बाण आणि रेघ

(स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी हयातभर शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून आजचा विषयही मी शाळेच्या फळ्यावरचाच निवडला आहे: विद्युत परिपथाची आकृती आणि तिच्यातली चिन्हं. दोन रेघा म्हणजे घट, नागमोडी रेघ म्हणजे रोध, वर्तुळात अक्षर म्हणजे मापक. तक्ता एकदा पाठ केला की झालं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. मला हे मान्य नाही. धारा विद्युत शिकताना मुलं अडखळतात तेव्हा आपण त्यांचं गणित कच्चं आहे असं धरून चालतो आणि आणखी उदाहरणं सोडवायला देतो. प्रत्यक्षात पुष्कळ मुलं गणितापर्यंत पोचण्याआधीच, आकृती वाचतानाच वाट चुकलेली असतात.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर माझ्याबरोबर काढा. एका आडव्या रेघेवर अ, ब, क, ड असे चार बिंदू घ्या. अ आणि ब यांच्यामध्ये ६ ओहमचा एक रोध, ब आणि क यांच्यामध्ये तेवढाच दुसरा, क आणि ड यांच्यामध्ये तिसरा. अ आणि ड या टोकांना ६ व्होल्टची बॅटरी जोडली आहे. तीन रोध एकसर, एकूण १८ ओहम, धारा एक तृतीयांश अँपिअर. नववीची मुलं हे तोंडी सांगतात. आता अ पासून क पर्यंत वरून एक कमान काढा. ही साधी तार आहे, तिला रोध नाही असं धरू. तशीच दुसरी कमान ब पासून ड पर्यंत काढा, तीही वरूनच. या दोन कमानी एका ठिकाणी एकमेकींना छेदतील. झाली आकृती. आता एकूण रोध किती?

पुष्कळ मुलं तरीही १८च सांगतात, कारण तीन रोध अजून एका ओळीतच उभे दिसतात. काही जण म्हणतात, मधला रोध वगळायचा. खरं उत्तर २ ओहम आहे. तारेनं जोडल्यामुळे अ आणि क हे विजेच्या दृष्टीनं एकच ठिकाण झालं, ब आणि ड हेही एकच ठिकाण झालं. मग पहिला रोध अ आणि ब यांच्यामध्ये आहे, दुसराही त्याच दोन ठिकाणांमध्ये आणि तिसराही. तिन्ही समांतर, सहाचा तिसरा भाग दोन, धारा ३ अँपिअर. म्हणजे आधीच्या नऊपट.

अजून संपलं नाही. कमानी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पेन्सिलीनं एक ठळक टिंब द्या. टिंब म्हणजे जोड. आता अ, ब, क, ड हे चारही बिंदू एक झाले, तिन्ही रोध निकामी झाले आणि बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकींना भिडली. त्याला आपण लघुपरिपथ म्हणतो, बोलताना शॉर्ट म्हणतो. तार तापेल, बॅटरी तापेल. एका टिंबानं २ ओहमचं शून्य झालं. पेन्सिलीचं टोक चुकून जास्त दाबलं गेलं किंवा झेरॉक्सच्या काचेवर धुळीचा कण राहिला, तरी एवढा फरक पडू शकतो.

म्हणून जाणते लोक चार तारा एकाच टिंबात मिळवणं टाळतात. चौरस्त्याऐवजी दोन तिठे काढायचे, थोडे मागेपुढे सरकवून. तिठ्यात तारा जोडलेल्याच असणार, तिथे टिंब पुसट झालं तरी अर्थ बदलत नाही. आणि दोन रेघा सरळ आरपार गेल्या, टिंब नसलं, तर त्या जोडलेल्या नाहीत. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात न जोडलेल्या तारा दाखवताना एका तारेला छोटी उडी दिलेली आहे. काही लोक हा उडीचा बाक जुना म्हणून नापसंत करतात. शाळेत तो ठेवावा असं माझं मत आहे. हातानं काढलेल्या आकृतीत तो संशयाला जागा ठेवत नाही, आणि तो काढताना मुलाला क्षणभर थांबून ठरवावं लागतं की या दोन तारा भेटतात की नाही.

हे ठरवणं म्हणजेच आकृती काढणं. परिपथाची आकृती वस्तूंचं चित्र दाखवायला बसलेलीच नसते. काय कशाला जोडलं आहे आणि कोणत्या दिशेनं, एवढंच ती सांगते. तारेची लांबी, तिची वळणं, बल्ब टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, यातलं काहीही तिच्यात नसतं. मुंबईच्या लोकलच्या डब्यात दारावर लावलेला मार्गांचा नकाशा आठवा. त्यात दोन स्टेशनांमधलं अंतर खरं नसतं, रुळांची वळणं खरी नसतात. कोणत्या स्टेशनानंतर कोणतं आणि गाडी कुठे बदलायची, एवढं मात्र अचूक असतं. अशा नकाशांचा मूळ पुरुष म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३ साली छापलेला नकाशा. तो काढणारा हॅरी बेक हा त्याच रेल्वेत तांत्रिक आकृत्या काढणारा आरेखक होता.

मुलांना हे आपोआप कळत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ साली याविषयीचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. एकसारखे पाच बल्ब आणि एकसारख्या तीन बॅटऱ्या. पहिल्या परिपथात एक बल्ब, दुसऱ्यात दोन एकसर, तिसऱ्यात दोन समांतर. प्रखरतेनुसार क्रम लावा. एकटा बल्ब आणि समांतरमधले दोन्ही सारखेच प्रखर, एकसरमधले दोन्ही मंद, हे उत्तर. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच ते बरोबर देता आलं, आणि नेहमीच्या पद्धतीनं शिकवून झाल्यावरही फारसा फरक पडला नाही. त्यांनी जी कारणं नोंदवली त्यांत एक असं की आकृती फक्त विद्युत जोडण्या दाखवते, प्रत्यक्ष मांडणी दाखवत नाही, हे अनेकांना उमगलेलंच नव्हतं. आपल्याकडेही समांतर जोडणी पुस्तकात नेहमी एकाखाली एक अशा आडव्या रोधांनी काढलेली असते. तेच रोध उभे काढले किंवा एक बॅटरीच्या डावीकडे नि दुसरा उजवीकडे काढला, की वर्गातल्या हुशार मुलालाही ते समांतर आहेत हे दिसत नाही. त्यानं जोडणी शिकलेलीच नसते, एका चित्राची ठेवण लक्षात ठेवलेली असते.

चिन्हं आधी चित्रंच होती, हे मात्र खरं आहे, आणि हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. व्होल्टानं १८०० साली धातूंच्या चकत्या एकावर एक रचून आपला विद्युत-स्तंभ केला. आजही घटाचं चिन्ह म्हणजे समोरासमोर उभ्या दोन पट्ट्या. लांब पट्टी धन, आखूड पट्टी ऋण. घट वाढवायचे तर पट्ट्यांच्या जोड्या वाढवायच्या, अगदी व्होल्टाच्या रचनेसारख्या. रोधाची नागमोडी रेघ म्हणजे उगाच लांबवून घडी घातलेली तार. पट्टिकांमध्ये फट ठेवलेला धारित्र, वेटोळ्याचं प्रवर्तक कुंडल, ही सगळी वस्तूंची अगदी आटवलेली रूपं आहेत. मुलाच्या हातात वस्तू द्यावी, शेजारी चिन्ह काढावं आणि वस्तूतला कोणता भाग चिन्हात राहिला हे त्याला शोधू द्यावं. तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा याला एखादी तासिका जास्त लागेल, पण ते चिन्ह मग सुटत नाही.

सगळ्यात सुंदर गोष्ट ट्रान्झिस्टरच्या चिन्हात लपलेली आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना ते चिन्ह विचित्र वाटतं: एक जाड सरळ रेघ, तिच्या एका बाजूला मधोमध एक तार, दुसऱ्या बाजूनं दोन तिरक्या रेघा येऊन टेकलेल्या, त्यांतल्या एकीवर बाण. पुस्तकात मात्र ट्रान्झिस्टर म्हणजे एन-पी-एन असे तीन थर एकाला एक लागून दाखवलेले असतात, सँडविचसारखे. मग चिन्ह थरांचं का नाही? कारण चिन्ह थरांच्या ट्रान्झिस्टरच्या आधीचं आहे. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जो पहिला ट्रान्झिस्टर केला, त्यात थर नव्हते. जर्मेनियमचा एक तुकडा होता. प्लास्टिकच्या एका त्रिकोणी तुकड्याच्या कडेवरून सोन्याचा पातळ पत्रा चिकटवला होता आणि टोकाशी ब्लेडनं बारीक चीर देऊन त्याचे दोन भाग केले होते. सोन्याची ही दोन टोकं एकमेकींच्या अगदी जवळ, जर्मेनियमवर स्प्रिंगनं दाबून टेकवली होती. आता चिन्हाकडे पाहा. जाड रेघ म्हणजे जर्मेनियमचा पाया, तिला टेकलेल्या दोन तिरक्या रेघा म्हणजे सोन्याची दोन टोकं. त्याच प्रयोगशाळेतल्या शॉकलीचा थरांचा ट्रान्झिस्टर नंतर आला आणि त्यानं जुन्या रचनेला बाजूला सारलं. चिन्ह मात्र पहिल्याचंच राहिलं. हे एकदा सांगितलं की मूल ते चिन्ह चुकीचं काढत नाही.

बाणाविषयी मात्र मुलांना ठामपणे सांगावं लागतं. चिन्हातला बाण संकेतमान्य धारेची दिशा दाखवतो, धनाकडून ऋणाकडे. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात रूढ केली, इलेक्ट्रॉन जे. जे. थॉमसनला सापडला १८९७ साली. तोवर सगळी तारायंत्रं, सगळी पुस्तकं, सगळी समीकरणं जुन्या दिशेनं लिहून झाली होती. ती दिशा बदलली नाही, आणि बदलण्याची गरजही नाही, गणित दोन्ही बाजूंनी सारखंच चालतं. पण एन-पी-एन ट्रान्झिस्टरमध्ये उत्सर्जकातून, म्हणजे बाण असलेल्या टोकातून, इलेक्ट्रॉन आत जातात आणि बाण बाहेर दाखवतो, इथे मुलं गोंधळतात आणि अर्धी मुलं बाण आत काढतात. बाण आत गेला की तो पी-एन-पी झाला, बॅटरीची टोकं उलटी जोडावी लागतील. उत्तरपत्रिकेत ही चूक बारीक दिसते. टेबलावर ती परिपथ बंद पाडते.

डायोडचंही तसंच. त्रिकोण आणि त्याच्या टोकाला आडवी पट्टी. धारा त्रिकोणाच्या टोकाच्या दिशेनं जाते, उलट जात नाही. स्फटिकावर धातूचं टोक टेकवलं की धारा एकाच दिशेनं सहज जाते, हे कार्ल फर्डिनांड ब्राउनला १८७४ सालीच दिसलं होतं. बिनतारी लहरी पकडण्यासाठी गॅलेना स्फटिकाचा असा शोधक बनवून त्याचं पेटंट घेणारे आपले जगदीशचंद्र बोस. त्यांना ते अमेरिकेत १९०४ साली मिळालं. अर्धवाहक हा शब्द आपल्या पुस्तकांत शिरण्याच्या कितीतरी आधी कलकत्त्यात हे काम झालं होतं. डायोडचा धडा शिकवताना बोसांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

चार डायोडच्या पूल-एकदिशकाराची आकृती मुलं पाठ करतात आणि चारांतला एक उलटा काढतात. काय होतं ते पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम कुंडलाची दोन टोकं पुलाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडलेली असतात. एक डायोड उलटा झाला की एका अर्धचक्रात दोन डायोड एकापुढे एक धारेच्या दिशेनं उभे राहतात आणि कुंडलाचं एक टोक दुसऱ्या टोकाला जवळजवळ थेट जोडतात. भाराला काहीच मिळत नाही, डायोड जळतात किंवा फ्यूज जातो. दुसऱ्या अर्धचक्रात वाटच बंद असते. यावर उपाय सोपा आहे आणि पाठांतराची गरज नाही: चौकट तिरकी काढली तर चारही त्रिकोणांचा कल धन टोकाच्या कोपऱ्याकडे असला पाहिजे. बाणाचा अर्थ ज्याला कळला, त्याला हे सांगावंही लागत नाही.

प्रकाशाचे छोटे बाण तसेच. एलईडीतून प्रकाश बाहेर पडतो, बाण बाहेर. फोटोडायोडवर तो पडतो, बाण आत. झेनर डायोडच्या पट्टीची टोकं दुमडलेली असतात, आणि झेनर नेहमीच्या कामासाठी उलट अभिनतीतच जोडायचा असतो, म्हणून तिथे त्रिकोण धन टोकाच्या दिशेनं तोंड करून असणं बरोबर आहे. साध्या डायोडच्या सवयीनं तो सरळ काढला तर तो विभवांतर स्थिर ठेवण्याचं काम करणारच नाही.

आता हाताच्या सवयींविषयी. घट आणि धारित्र यांची चिन्हं दोन समांतर रेघांचीच आहेत. फरक एवढाच की घटाच्या रेघा लहानमोठ्या, धारित्राच्या सारख्या. घाईत काढलेल्या घटाच्या दोन्ही रेघा सारख्या झाल्या तर परिपथात ऊर्जेचा उगमच उरत नाही. कागदावर धारित्र, कळ आणि बल्ब आहे, आणि शेजारी विद्यार्थ्यानं धारा काढून दाखवली आहे. अशी आकृती बरोबर धरून पुढे जाणं मला पटत नाही. आखूड रेघ चांगली आखूड आणि थोडी जाड काढायला पहिल्या दिवसापासून लावावं.

व्होल्टमीटर हा तर परीक्षकांचा रोजचा अनुभव. मूल तार मध्येच तोडून व्होल्टमीटर एकसर घालतं. आकृती दिसायला सुबक असते. प्रत्यक्षात व्होल्टमीटरचा रोध खूप मोठा असल्यानं धारा जवळपास थांबते, बल्ब पेटत नाही, आणि व्होल्टमीटर मात्र बॅटरीचं जवळजवळ सगळं विभवांतर दाखवतो. अमीटर समांतर जोडला तर उलट: त्याचा रोध अगदी थोडा, सगळी धारा त्यातूनच जाऊ पाहते, काटा आपटतो आणि मीटर जातो. प्रयोगशाळेतले कितीतरी मीटर असे गेले आहेत. आकृतीत मीटरला जोडणारी रेघ मीटरच्या आतली रचना सांगत असते, हे ज्यानं एकदा पाहिलं तो पुन्हा चुकत नाही.

नागमोडी रेघ की आयत, हा प्रश्न मला शिक्षक-प्रशिक्षणात नेहमी विचारला जातो. सेंट लुइसच्या १९०४ सालच्या विद्युत परिषदेत आंतरराष्ट्रीय एकवाक्यतेची गरज मांडली गेली. तिच्यातून १९०६ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग लंडनमध्ये स्थापन झाला, पहिले अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन. आज त्या आयोगाच्या ६०६१७ क्रमांकाच्या मानकात रोधाचं चिन्ह साधा आयत आहे. अमेरिकेत १९७५ सालच्या मानकानं नागमोडी रेघ जपली. आपल्या एनसीईआरटीच्या पुस्तकांत नागमोडी रेघच आहे. केंब्रिजच्या अभ्यासक्रमाच्या ज्या शाळा मुंबई-पुण्यात आहेत, तिथली मुलं आयत काढतात. दोन्ही बरोबर. विद्यार्थ्याला दोन्ही वाचता आली पाहिजेत, एका आकृतीत मात्र एकच पद्धत ठेवावी. आयत वापरणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी: तार आयताच्या कडेशी थांबली पाहिजे. ती आयतातून आरपार गेली की तेच चिन्ह फ्यूजचं होतं. चल रोधावरचा तिरका बाण आणि फ्यूजमधली आडवी रेघ यांतही गल्लत होते. फ्यूजचा आयत अरुंद आणि रेघ मधोमध, एवढं पाळलं की पुरतं.

किमतीही नीट लिहाव्या लागतात. ४.७ किलोओहम लिहिताना दशांशचिन्ह पुसट झालं की त्याचे ४७ होतात. त्यामुळे कारखान्यांत दशांशाच्या जागी एककाचं अक्षरच लिहितात, ४ के ७ असं. शाळेत तसा आग्रह नको, पण त्यामागची भीती खरी आहे, आणि मघाच्या टिंबामागे होती तीच आहे.

आपल्या जर्नलविषयी थोडं कठोर बोलते. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती, उजवीकडे शाईनं कृती आणि निरीक्षणं, ही शिस्त चांगली आहे. पण बहुतेक ठिकाणी आकृती प्रयोगाच्या आधी, पुस्तकातून किंवा मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून उतरवलेली असते. मग प्रयोगाच्या वेळी तार कशीही जोडली तरी आकृती तीच. मीटर सेतूच्या प्रयोगात गॅल्व्हनोमीटर एका बाजूला ढकलला जातो, सरकत्या कळीचा बाण तारेला टेकतच नाही, आणि सही होते. हे उलटं व्हायला हवं. परिपथ जोडून झाला की मुलानं टेबलावरच्या वस्तूंकडे पाहून, बोट तारेवर फिरवत फिरवत आकृती काढावी. तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं शोधणं हे विज्ञानाचं निरीक्षणच आहे. माझ्या अनुभवात ज्या मुलांनी हे काही वेळा केलं, त्यांना व्हीटस्टनचा सेतू कधी वेगळा शिकवावा लागला नाही. चार बिंदू, सहा फांद्या, एवढं त्यांना आपोआप दिसतं.

आकृतीतला गाभा काय, हे संगणकानं फार स्वच्छ दाखवून दिलं आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत लॉरेन्स नागेल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी स्पाइस नावाची प्रणाली पुढे आणली. तिच्यात परिपथ चित्रानं द्यायचा नसतो, यादीनं द्यायचा असतो. प्रत्येक घटकासाठी एक ओळ: नाव, तो कोणत्या बिंदूंमध्ये आहे, आणि किंमत. भूमीच्या बिंदूला शून्य हा क्रमांक, बाकीचे त्याच्या तुलनेत. सुरुवातीचं कोडं असं लिहून पाहा. पहिला रोध अ-ब. दुसरा ब-क. तिसरा क-ड. आता क म्हणजेच अ, आणि ड म्हणजेच ब, हे बदलून लिहा. पहिला अ-ब, दुसरा ब-अ, तिसरा अ-ब. समांतर जोडणी डोळ्यांसमोर उभी राहते, कोणत्याही सूत्राशिवाय. ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, त्यालाही ही यादी वाचून दाखवली तर परिपथ पूर्ण कळतो, आणि तो स्वतःही परिपथ असा सांगू शकतो.

आज मुद्रित परिपथ-पट्ट्या तयार करणारे सगळे याच वाटेनं जातात. किकॅड ही मोफत प्रणाली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केली. तिच्यात आकृती काढली की आतमध्ये अशीच जोडण्यांची यादी बनते, आणि तांब्याच्या रेघा त्या यादीवरून आखल्या जातात. आकृतीत टिंब द्यायचं राहून गेलं तर पट्टीवर तांब्याची रेघही राहून जाते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली परिपथ जोडण्याची खेळणी मराठीतही उपलब्ध आहेत, आणि त्यांत एका कळीनं खऱ्या बल्ब-बॅटरीचं चित्र बदलून तोच परिपथ चिन्हांत पाहता येतो. ज्या शाळेत संगणक आहे तिथे हे जरूर वापरावं. मात्र त्याआधी हातात खरी तार, खरा बल्ब आणि पेन्सिल आलेली असावी. पडद्यावर तार सैल होत नाही, होल्डरमध्ये गंज नसतो, आणि बल्ब का पेटत नाही हे शोधायची वेळ मुलावर येत नाही.

शेवटचा मुद्दा परीक्षेचा, कारण आपल्याकडे वर्गात काय शिकवलं जाईल हे बऱ्याच अंशी परीक्षाच ठरवते. ‘सुबक नामनिर्देशित आकृती काढा’ असं विचारलं की सुबकता आणि नावं मिळतात. त्याऐवजी मी शिक्षकांना तीन प्रकारचे प्रश्न सुचवते. एक, शब्दांत वर्णन द्या आणि आकृती मागा: दोन बल्ब असे जोडा की एक काढला तरी दुसरा पेटत राहील, आणि एकच कळ दोन्ही विझवील. दोन, दिसायला वेगळ्या दोन आकृत्या द्या आणि विचारा, हा परिपथ एकच आहे की नाही, कशावरून. तीन, एक चूक असलेली आकृती द्या, उलटा डायोड, एकसर व्होल्टमीटर, जोडावरचं हरवलेलं टिंब, आणि विचारा, ही अशीच जोडली तर टेबलावर काय होईल. यासाठी पाठ्यपुस्तक बदलावं लागत नाही, घटकचाचणीत उद्याही हे प्रश्न घालता येतील.

गुणदानाबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. रेघ थोडी वाकडी पण जोडणी बरोबर असेल, तर आकृतीचे पूर्ण गुण द्यावेत. नागमोडीऐवजी आयत काढला, बल्बच्या वर्तुळात वेटोळ्याऐवजी फुली मारली, म्हणून गुण कापू नयेत. दोन्ही रूपं प्रचारात आहेत. अमीटर समांतर जोडलेला असेल, तर पट्टीनं आखलेल्या कितीही देखण्या आकृतीला जोडणीचा गुण मिळू नये, आणि ती चूक उत्तरपत्रिकेत लाल पेनानं गोल करून शेजारी ‘काटा आपटेल’ एवढे दोन शब्द लिहावेत, म्हणजे मुलाला आपण गुण कशासाठी गमावला ते वाचता येईल.